सेरो पार्दोची शेवटची सभा

सेरो पार्दो, ९ एप्रिल २००६

देल्फिना पोरी,

या वेळी पत्र पोत्यात घातलेलं नाही, फाउस्तो ड्रायव्हरच्या खिशात दिलंय. मागची दोन्ही पत्रं चुन्योच्या पोत्यात होती. तू वाळवलेले बटाटे ठेवून घेतलेस आणि पत्रं त्याच्याच हाती परत पाठवलीस. मी त्याला विचारलं, "फाडली होती का रे?" म्हणाला, "नाही दॉन कासिमिरो, नीट घडी घालून दिली." घडी घालणाऱ्या माणसाचं दार पुरतं बंद नसतं, असं मी धरून चालतो. तसं धरून चाललो नसतो तर खाणीतला हमाल आज दोन गाड्या आणि एका खाणावळीचा मालक झाला नसता.

बातमी अशी, की तुझ्या बापावर सिनेमा निघतोय.

ला पाझहून इबान्येस नावाचा दिग्दर्शक आलाय आणि माझ्याच खाणावळीच्या वरच्या मजल्यावर उतरलाय. तिकडे तुझ्या ब्वेनोस आइरेसला, लिनिएर्सच्या बाजारात, आपल्याकडचं कुणी ना कुणी तुला हे मीठमसाला लावून सांगणारच. म्हणून मीच सांगतो, अळणी.

माणूस वाईट नाही. पहिल्याच दिवशी ताटलीवर वाकून मला म्हणाला, "दॉन कासिमिरो, एवढंच सांगा. निकानोर विल्का विकला गेला होता की नाही?" मी म्हटलं, "सूप निवतंय." त्याला वाटलं मी टाळतोय. मी खरंच सुपाबद्दल बोलत होतो. उत्तर मला ठाऊक असतं तर सूप निवण्याआधी सांगून मोकळा झालो असतो.

मग तो गावभर विचारत फिरला. वीस वर्षांपूर्वी सरकारने खाण बंद केली, आपण सगळे बायकापोरांसकट पायी ला पाझकडे निघालो, वाटेत माळावर लष्कराने वेढलं, आपला पुढारी म्हणून तुझा बाप निकानोर एकटा कर्नलच्या तंबूत गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, "मागे फिरा." एवढं सगळेच सांगतात. तंबूत काय झालं ते कुणीच सांगू शकत नाही, म्हणून ते सगळ्यात जास्त सांगितलं जातं. कोचाबाम्बाला त्याला बंगला मिळाला, ही गोष्ट इबान्येसने चार तोंडांतून ऐकली. त्या बंगल्याला खिडक्या किती हे गावात प्रत्येकाला पाठ आहे. बंगला पाहिलेला माणूस अजून भेटायचाय.

आणि शेवटी सगळे तुझ्यावर येतात. "आम्ही कशाला बोलू? सख्ख्या मुलीनेच भर सभेत सांगितलं ना." तू बोललीस तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस. तुझं ते एक वाक्य लोक अजून पुरावा म्हणून वापरतात, हे तुलाही ठाऊक आहे, म्हणूनच तू येत नाहीस, हे मला ठाऊक आहे. बाप्तिस्म्याला पाद्रीनो म्हणून मी तुला हातावर धरलं होतं, देल्फिना. तेवढ्या हक्काने लिहितो.

सिनेमावाले तुझ्या आईकडे गेले. तोमासाने, त्याच बाप्तिस्म्याने झालेल्या माझ्या कोमाद्रेने, त्यांना बसवलं, कोकाच्या पानांचा काढा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काढा सिनेमा. पण सभा आपल्याच सभागृहात भरवायची, ला पाझच्या कुठल्या गोदामात नाही. आणि खाणीचा भोंगा खरा वाजवायचा."

इबान्येस म्हणाला, "आवाज नंतरही घालता येतो, सेन्योरा."

"नंतर घातलेला भोंगा कुणाला ऐकू येणार?" ती म्हणाली.

आई बरी आहे. उन्हात खुर्ची टाकून बसते. पाणी भरायला मी सुनेला पाठवतो, ते आपलं सहज.

तुझा पाद्रीनो,
कासिमिरो


सेरो पार्दो, ३० एप्रिल

देल्फिना,

फाउस्तोने निरोप दिला. पाच शब्दांचा निरोप, पण आला. "मला दाखवू नका म्हणावं त्यांना."

मी त्याच संध्याकाळी इबान्येसला गाठलं. गोड बोललो, मासे तळून घातले, मग विषय काढला. तो म्हणाला, "दॉन कासिमिरो, पुढारी विकला गेला की नाही हे मला कळणार नाही. पण मुलगी उठून बापाला 'विकलंस आम्हाला' म्हणते, हे घडलंय. सिनेमा त्याचाच आहे." मी म्हटलं, ती जिवंत आहे, तिला लागेल. तो म्हणाला, "नाव बदलतो." गावात नाव बदलून काय होणार ते मी त्याला सांगितलं नाही. मासे मात्र वाया गेले.

तर तुझं काम करणारी मुलगी आली आहे. रेनाता. नाटकातली आहे, शहरातली, पण हाताने काम करायला लाजत नाही. इबान्येसने तिला शिकायला म्हणून तुझ्या आईकडे ठेवलंय. गेल्या आठवड्यात मी पीठ घेऊन गेलो तर दारात ती आईचा घागरा नेसून बटाटे सोलत होती आणि आई आतून हाक मारत होती, "देल्फिना, साली जाड काढू नकोस, आपल्याकडे डुकरं नाहीत."

पीठ मी दारातच टेकवलं. मी आत जाऊन हळूच म्हटलं, "कोमाद्रे, ही रेनाता."

तिने माझ्याकडे असं बघितलं जसं मी हिशोबात चुकलोय. "मला ठाऊक आहे ही कोण. सवय करून ठेवते. एकदम हाक मारायची वेळ आली तर तोंडातून नाव निघायला हवं."

नंतर रेनाता मला अंगणात म्हणाली, "मी हाकेला ओ द्यावी की नाही, कळत नाही." मी म्हटलं, "बटाट्यापुरती दे."

तिने तुझ्या आईला विचारलं होतं म्हणे, की ती मुलगी तेव्हा एवढ्या मोठ्याने का ओरडली. आई म्हणाली, "तिच्या बापाने शिकवलं होतं. भीती वाटली की मोठ्याने बोल, म्हणायचा. तिने ऐकलं." रेनाताने हे वाक्य मला दोनदा सांगितलं. मी तुला एकदा सांगतो.

आईने मला परत भोंग्याचं विचारलं. खाणीच्या छपरावरचा तो भोंगा गंजून गेला होता. माझ्या गाडीवरचा मेकॅनिक दोन दिवस त्यात डोकं घालून बसला, आतून पक्ष्यांची घरटी काढली. मी तिला म्हटलं, "वाजेल. पण तुला एवढं काय त्याचं?" तर म्हणाली, "तुला सुपाचं जेवढं असतं तेवढं."

रेनाता सांगते, आई बसूनच झोपते, उशा पाठीशी लावून. मी म्हटलं, म्हातारी माणसं झोपतात तशी. तूही असंच समज.

कासिमिरो


सेरो पार्दो, २१ मे

देल्फिना पोरी,

हे पत्र लांबणार आहे. फाउस्तोची गाडी उद्या दुपारी निघते, तोवर लिहितो. हे तरी घडी घालण्याआधी वाच.

काल सभेचं चित्रण झालं. माणसं जमवायचं काम माझ्याकडे होतं. वरच्या वस्तीतले, जुन्या खाणीतले, आणि त्यांच्या विधवा, असे मी निवडून सांगितले होते. प्रत्येकाला दुपारचं जेवण आणि दिवसाची मजुरी. इबान्येसने त्यांना समजावून सांगितलं, की निकानोर बोलेल, मग ती मुलगी ओरडेल, मग तुम्ही सगळ्यांनी 'विकलंस, विकलंस' म्हणायचं. लोकांनी मान डोलावली. आपले लोक मान डोलावतात तेव्हा पैज लावू नये, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी भोंगा वाजला.

पोरी, मी छपराखालीच उभा होतो, मीच तो दुरुस्त करून घेतला होता, तरी माझे पाय आपोआप सभागृहाकडे वळले. वीस वर्षांनी वाजला तो. आणि मग मी वर बघितलं तर डोंगराच्या अंगावरून माणसं उतरत होती. मी सांगितलेली नव्हे, सगळी. मजुरी न ठरलेली, ज्यांना सिनेमाचं धड माहीतही नव्हतं ती. काठी टेकत, शाली गुंडाळत. एकाने खाणीतला जुना लोखंडी टोप घातला होता. बायकांच्या समितीतली दोन्या बेर्ता तर चुलीवरचं भांडं उतरवून हातात घेऊनच आली. पूर्वी सभा लांबली की बायका तशाच येत. तुला आठवत असेल, भोंगा झाल्यावर कुणी कारण विचारत नसे. कारण आत गेल्यावर कळायचं.

इबान्येस खूश. "किती खरं दिसतंय," म्हणाला. मी त्याच्या कानात म्हटलं, "सेन्योर, हे नुसतं दिसत नाहीये, आहेच." त्याला कळलं नाही.

आत सगळे आपापल्या जागी बसले. डावीकडे खालच्या पाळीचे, उजवीकडे वरच्या पाळीचे, भिंतीच्या बाजूला बायकांच्या समितीचा बाक. मधे मेलेल्यांच्या जागा मोकळ्या राहिल्या, त्यामुळे पडद्यावर गर्दी विरळ दिसेल म्हणून इबान्येसचा माणूस त्यांना सरकवायला लागला. कुणी सरकेना. तेवढ्यात दॉन लेआंद्रो, संघटनेचा शेवटचा चिटणीस, आता ऐंशीचा आहे, थेट व्यासपीठावर चढला आणि निकानोरचं काम करणाऱ्या नटाशेजारी बसला. नट म्हणाला, "आजोबा, ही जागा..." लेआंद्रो म्हणाला, "चिटणिसाशिवाय सभा उघडत नाही, तरुण माणसा. बस खाली." आणि त्याने सभा उघडली.

नटाने भाषण चांगलं केलं. तुझ्या बापासारखं नाही, तुझा बाप बोलताना खोकायचा. मग रेनाताने उठायचं होतं. ती उठायला लागली आणि तिच्याआधी तुझी आई उठली.

तिला उठायला वेळ लागला. बेर्ताने भांडं खाली ठेवून तिला कोपराला धरलं. वीस वर्षांत बेर्ताने तुझ्या आईला रस्त्यात नमस्कार केला नव्हता, हे लक्षात ठेव.

"परवानगी मागते," आई म्हणाली.

नट दिग्दर्शकाकडे बघायला लागला. लेआंद्रो त्याला म्हणाला, "तिकडे काय बघतोस? सभा इकडे आहे." मग आईला म्हणाला, "कॉम्रेड तोमासा, परवानगी आहे."

मी तिचं बोलणं जसं ऐकलं तसं उतरवतो. माझे कान तुला ठाऊक आहेत.

ती म्हणाली, "मी निकानोरचं बोलायला उठलेली नाही. त्याचं तुम्ही आणि तो बघून घ्या. तो मेलाय, त्याला घाई नाही. त्याने तुम्हाला सभा न घेता माळावरून परत आणलं, ही त्याची चूक मी घरातही त्याला सांगितली होती. मी उठले आहे माझ्या मुलीसाठी. त्या दिवशी इथेच, याच बाकावरून, ती बोलली. तिने परवानगी मागितली होती का?"

ती व्यासपीठाकडे वळली.

"लेआंद्रो, चिटणीस तूच होतास. मागितली होती का?"

लेआंद्रोने टोपी काढली. "नाही."

"तू दिली होतीस का?"

"मागितलीच नाही तर देणार कुठून, तोमासा."

"मग आपला नियम काय आहे?"

नियम तुलाही माहीत आहे, पोरी. नवख्याला खाणीत उतरायच्या आधी तो शिकवायचे. परवानगीशिवाय सभेत बोललेलं, बोललेलं धरायचं नाही. त्याला उत्तर द्यायचं नाही, ते बाहेर न्यायचं नाही, त्यावरून कुणाला दोष द्यायचा नाही. दारू प्यालेले, दु:खाने वेडे झालेले, पोरंटोरं, सगळ्यांना त्या नियमाने आजवर सांभाळलंय. एकट्या तुलाच सांभाळलं नाही, कारण तू जे बोललीस ते सगळ्यांना हवं होतं.

आई म्हणाली, "वीस वर्षं तुम्ही ते धरून ठेवलंत. बाजारात, लग्नात, मयतीत. तुम्हाला धरायचा अधिकार नव्हता. ते काढून टाका. एवढंच मागते." आणि बसली. श्वास लागला होता.

तेव्हा इबान्येस भानावर आला आणि ओरडला, "थांबवा, कॅमेरा थांबवा." लेआंद्रो त्याच्याकडे वळून म्हणाला, "तुम्हाला बोलायची परवानगी दिलेली नाही." कुणीतरी मागून म्हणालं, "बसा हो सेन्योर, मतदान आहे." तो बसला. मी शपथेवर सांगतो, ला पाझचा दिग्दर्शक लाकडी बाकावर गपकन बसला.

लेआंद्रोने विचारलं, कोण बाजूने. हात वर झाले. मी मोजले नाहीत, मोजायची गरज नव्हती. खालच्या पाळीचा आनिसेतो, ज्याने तुझ्या बापाच्या दारावर डांबर फासलं होतं, त्याने हात वर केला नाही. पण विरोधात कोण म्हणून विचारलं तेव्हाही केला नाही. टोपीकडे बघत राहिला. त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

"मान्य," लेआंद्रो म्हणाला. "देल्फिना विल्का त्या दिवशी सभेत काहीही बोललेली नाही."

मग सभा संपली आणि लोक जेवायला गेले. इबान्येसला सगळं परत चित्रित करायचं होतं. लोकांनी केलं, पैसे घेतले होते. पण 'विकलंस' म्हणायची वेळ आली तेव्हा एवढ्या हळू म्हणाले, की शेवटी त्याने हात जोडले.

भोंग्याचं ती का विचारत होती, ते आता तुला कळलं असेल. मला काल कळलं. भोंग्याशिवाय ती नुसती सिनेमातली म्हातारी असती.

पुढचं तुझ्यावर.

कासिमिरो


सेरो पार्दो, ६ जून

देल्फिना,

आईने मला बजावलं होतं, तब्येतीचं लिहायचं नाही. "ती यावी तर यायचं म्हणून यावी, मरण बघायला नको," असं. मी तिचं ऐकत आलो. आज ऐकत नाही.

तिच्या फुप्फुसात पाणी झालंय. पोटभर श्वास घेऊन महिने झाले. ओरूरोचा डॉक्टर आणला होता. तो बाहेर येऊन माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायला लागला, तेव्हा मला समजलं. रेनाता अजून तिच्याजवळ आहे, तिचं काम संपलंय तरी.

मिळेल त्या गाडीने ये. भाड्याचं फाउस्तोला बोललोय.

कासिमिरो


सेरो पार्दो, २ जुलै

पोरी,

तू गेल्यावर तुझ्या खोलीतली चादर सुनेने काढली नव्हती, मीच काढू नकोस म्हटलं. मग रात्री विचार केला, दुसऱ्याच्या दु:खाचं देऊळ करायला आपण कोण, आणि सकाळी काढायला लावली.

आईचे कपडे धुताना नदीवर तुझ्याशी बोलायचं होतं, पण तिथे बायका होत्या, आणि पाण्यात हात घातल्यावर कुणी बोलत नाही. म्हणून इथे.

माझं शेवटचं पत्र तुला मिळालंच नाही हे तू सांगितलंस. तू ते मिळायच्या आधीच निघाली होतीस. सभेचं वाचलंस आणि शिवणकाम तसंच यंत्रावर टाकून गाडीत बसलीस. म्हणजे आई म्हणत होती तसंच झालं, तू यायचं म्हणून आलीस. हे तिला कळलं असतं तर, असं आपण दोघंही म्हणणार. म्हणून मी म्हणत नाही.

तू पोतोसीच्या वाटेवर रास्ता रोकोत अडकलीस. सहकारी खाणवाल्यांनी दगड टाकून रस्ता बंद केला होता. तीन दिवस. तिकडे तू दगडांच्या अलीकडे, इकडे ती उशांना टेकून. आठ तारखेला सकाळी गेली. शेवटी शेवटी तिने हाक मारली तेव्हा रेनाताने ओ दिली. बटाट्यापुरती नव्हे. मला वाटतं तिने बरोबर केलं. तुला वाटत नसेल तर तसं लिही, मी वाचीन.

एक सांगायचं राहिलं. त्या रास्ता रोकोतला एक म्होरक्या परवा माझ्याकडे जेवायला थांबला होता. बोलता बोलता म्हणाला, "एक बाई होती ब्वेनोस आइरेसच्या गाडीतली. बाकीचे उतारू आम्हाला शिव्या घालत होते. ही मात्र येऊन आमच्या बायकांबरोबर बटाटे सोलायला बसली. कुठे जायचंय विचारलं तर म्हणाली, तुमचं चालू द्या." मी विचारलं, "नाव काय म्हणाली?" "नाही सांगितलं." मी त्याला वाढत राहिलो.

तू नाव सांगितलं असतंस, आई आजारी असेल असं नुसतं वाटतंय म्हणाली असतीस, तरी त्यांनी दगड बाजूला करून तुला स्वत:च्या गाडीने इथवर सोडलं असतं. निकानोर विल्काची मुलगी म्हटल्यावर कुणी थुंकेल या भीतीने तू गप्प बसलीस ना? थुंकलं नसतं कुणी. पण तुला कसं कळावं. तू वीस वर्षं दुसऱ्या रस्त्यावर होतीस.

मी त्या माणसाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याला झोप लागली नसती, आणि त्यांची मागणी रास्त होती.

तू कपडे धुवायच्या दिवशी पोहोचलीस. लोक म्हणत होते तिसरा दिवस उलटू देऊ नये, मयताचे कपडे तेव्हाच नदीवर धुतले पाहिजेत, नाहीतर त्याची वाट अडते. मी म्हणत होतो दुपारपर्यंत थांबा. बेर्ता म्हणाली, "कासिमिरो, तू गाडीवाला आहेस, तुला सगळं उशिराच येतं असं वाटतं." पण थांबली. तिनेच तुझ्या हातात तो निळा घागरा दिला. पिळताना त्याचं दुसरं टोक तिने धरलं होतं. मी लांब उभा राहून पाहिलं, आणि पुरुषांनी तिथे थांबायचं नसतं म्हणून परत फिरलो.

सभागृहात चल म्हटलं तर तू आली नाहीस. "तिथे नको, पाद्रीनो," म्हणालीस. मी आग्रह केला नाही. गाडी सुटताना तू खिडकीतून हात केलास, पण डोळे डोंगराकडेही नव्हते आणि माझ्याकडेही नव्हते. असो. बटाटे संपले की कळव.

कासिमिरो


सेरो पार्दो, १९ नोव्हेंबर

देल्फिना,

तू विचारलंस सिनेमा कसा झालाय. पहिल्यांदाच तू काहीतरी विचारलंस, तेव्हा खरं सांगायला हवं.

काल आपल्या सभागृहातच दाखवला. इबान्येसने शब्द पाळला, ला पाझच्या आधी इथे आणला. रुपेरी पडदा नाही, नुसती चुन्याने रंगवलेली भिंत. गाव सगळं होतं.

तुझा बाप चांगला दिसतो. फार उंच दिसतो. तंबूत काय झालं ते इबान्येसने दाखवलंच नाही. कॅमेरा बाहेरच राहतो, तंबूच्या कापडाकडे बघत. मला ते आवडलं, त्याला सुपाची गोष्ट कळली म्हणायची. तू ओरडतेस ते मात्र आहे. नाव बदललंय. रेनाता अंगावर काटा येईल असं ओरडते. आणि आई नाहीये. मी नंतर त्याला विचारलं, तर खाली मान घालून म्हणाला, "दॉन कासिमिरो, बाहेरच्या माणसाला ही म्हातारी कोण आणि नियम कुठला, काही समजलं नसतं. मी सहा वेळा जोडून पाहिलं." खोटं बोलत नव्हता. मी त्याला जेवायला घातलं.

म्हणजे जगभर जो कुणी तो सिनेमा बघेल, त्याच्यासाठी तू ओरडलेली आहेस. हे तुझ्यापासून लपवता येत नाही.

सिनेमा संपल्यावर लोक कोपऱ्यावर उभे राहिले, थंडीत, आणि तुझ्या बापावरून भांडले. आनिसेतो म्हणाला, विकलाच गेला तो. लेआंद्रो म्हणाला, विकला गेला असता तर धुळीने भरलेल्या छातीने याच गावात खोकत का मेला. कुणी म्हणालं, त्याने मागे फिरवलं म्हणून आपली पोरं जिवंत आहेत. कुणी म्हणालं, जिवंत आहेत पण कुठे आहेत, परदेशात कपडे शिवतायत. निकाल लागला नाही. लागणार नाही, आणि खरं सांगायचं तर निकानोरला त्याची सवय होती. पण तुझं नाव कुणी घेतलं नाही. एकानेही नाही. भिंतीवर नुकतंच तुला ओरडताना सगळ्यांनी पाहिलं होतं, तरी नाही.

आणखी एक गोष्ट. मी उशिरा, सिनेमा सुरू व्हायला आला तेव्हा पोहोचलो. गर्दी इतकी, की पोरं खिडक्यांत बसली होती. बायकांच्या समितीच्या बाकावर, बेर्ताशेजारी, एक जागा मोकळी होती. मी उभाच राहणार होतो, पण हातातली टोपी आणि कंदील कुठे ठेवू म्हणून तिथे ठेवायला वाकलो.

बेर्ता म्हणाली, "तिथे काही ठेवू नकोस. जागा धरलेली आहे."

मी म्हटलं, "तोमासाची ना? ठाऊक आहे. पण ती आता..."

"तोमासाची होती. आता देल्फिनाची."

मी म्हटलं, "अगं बाई, ती ब्वेनोस आइरेसला आहे. ती इथे पाऊल टाकत नाही."

बेर्ताने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीकडे बघत म्हणाली, "मग काय झालं? कामावर गेलेल्या माणसाची जागा कधी कुणी घेतली आहे का आपल्याकडे?"

मी टोपी डोक्यावर घातली आणि सगळा सिनेमा उभ्याने पाहिला.

तुझा पाद्रीनो,
कासिमिरो